नाना फडणवीस आणि तांब्यावरची अक्षरे

मुलांनो, नाना फडणवीसांचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचले असेल. पेशव्यांचा कारभार सांभाळणारे हे मुत्सद्दी आपल्या साताऱ्यात १७४२ साली जन्मले. त्यांचे पूर्ण नाव बाळाजी जनार्दन भानू. १७६१ साली पानिपतच्या लढाईतून ते कसाबसा जीव वाचवून परतले; बरोबर गेलेली आई मात्र परत आली नाही. १७७४ साली सवाई माधवराव जन्मले. त्या बाळ पेशव्याच्या नावाने नानांनी राज्य चालवले. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या काठी नानांचा वाडा अजून उभा आहे. सहलीला गेलात तर जरूर पाहा.

पण मी तुम्हांला लढाईची नव्हे, छपाईची गोष्ट सांगणार आहे.

त्या वेळी पुण्याच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हे इंग्रज वकील होते. जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यात आला. त्याने १७९२ साली पेशवे आणि नाना यांचे एकत्र चित्र रंगवले. असे चित्र एकच असते. शेकडो प्रती हव्या असतील तर काय करायचे? युरोपात फार पूर्वीच याची युक्ती सापडली होती. लाकडाच्या फळीवर चेहरा उलटा काढायचा, रेषा तेवढ्या उंच ठेवून बाकीचे लाकूड कोरून टाकायचे, शाई लावायची आणि कागद दाबायचा. जर्मनीच्या ड्यूररने मॅक्सिमिलियन बादशहाचे चित्र असेच छापले. आपल्याकडे कापडावर लाकडी ठसे मारतात, रीत तीच. तांब्याच्या पत्र्यावर मात्र रेषाच खोदतात आणि शाई खाचेत भरतात.

पुण्यातल्या एका तांबटाने इंग्रजांकडून हे कोरीव काम शिकून घेतले. त्याच्या हातून भगवद्गीता छापून घ्यावी, असे नानांच्या मनात होते, असे सांगतात. काम अवघड होते. तुमच्या उर्दू किताबांसाठी कातिब कागदावर सुलट लिहीत. या तांबटाला मात्र प्रत्येक अक्षर आरशात दिसते तसे उलटे कोरावे लागे. शिवाय सुटे खिळे नव्हते. एखादी वेलांटी चुकली, तर ती काढून दुसरी बसवता येत नसे.

१७९५ साली सवाई माधवराव वाड्यावरून पडून वारले. तेव्हा ते अवघे एकवीस वर्षांचे होते. पुढे मॅलेटही पुण्याहून गेले. १३ मार्च १८०० रोजी नाना वारले. काम तसेच राहिले असते, पण मिरजेचे गंगाधरराव पटवर्धन यांनी त्या तांबटाला आपल्याकडे नेले.

मिरज म्हटले की तुम्हांला मीरासाहेबांचा दर्गा आणि सतारी आठवतात. त्याच गावात १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापून झाली. नाना ती पाहायला नव्हते.