रॉबर्ट विल्सन : एका प्रयोगशाळेचे शिल्पकार

ज्ञानाचा उपयोग काय, हा प्रश्न विद्येइतकाच जुना आहे. शुद्ध विज्ञानाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास तो घरी विचारला जातो. मोठमोठ्या प्रयोगशाळांस तो राज्यकर्ते विचारतात. अमेरिकेतील फर्मी राष्ट्रीय प्रयोगशाळेचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन यांनी या प्रश्नास आपल्या आयुष्याने दिलेले उत्तर आम्हांस आजही मननीय वाटते. म्हणून त्यांचे चरित्र येथे थोडक्यात सादर करीत आहोत.

विल्सन यांचा जन्म ४ मार्च १९१४ रोजी वायोमिंग राज्यात झाला. गुरांच्या विस्तीर्ण कुरणांवर वाढलेल्या या मुलास तेथील लोहारशाळेत स्वतःच्या हातांनी वस्तू घडविण्याची गोडी लागली, ती जन्मभर टिकली. पुढे बर्कले येथे सायक्लोट्रॉन यंत्राचे जनक अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या हाताखाली अभ्यास करून त्यांनी १९४० मध्ये डॉक्टरेट मिळविली.

महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, ते लॉस अलामॉस येथील अणुबाँबच्या कार्यात सामील झाले आणि तिशी गाठण्यापूर्वीच एका गटाचे प्रमुख बनले. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण गेली. ज्या शत्रूच्या भयाने हे कार्य आरंभिले, तो पराभूत झाला. तरीही काम थांबले नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हिरोशिमा भस्मसात झाले. जर्मनीच्या पाडावानंतर आपण तेथून बाहेर का पडलो नाही, ही खंत विल्सन यांच्या मनातून कधीच गेली नाही. युद्धानंतर अणुशक्ती लष्कराच्या नव्हे, तर नागरी सत्तेच्या हाती असावी, यासाठी ते झटले.

१९४६ मध्ये त्यांनी एक लहानसा पण महत्त्वाचा लेख लिहिला. वेगवान प्रोटॉन शरीरात शिरला असता वाटेत थोडीच ऊर्जा देतो आणि जेथे थांबतो तेथे बहुतेक सारी ओततो. तेव्हा आजूबाजूच्या निरोगी पेशींस फारशी इजा न करता खोलवरच्या कर्करोगाच्या गाठीवर घाव घालता येईल, असे त्यांनी सुचविले. आज जगभर ही उपचारपद्धती रूढ आहे. आपल्याकडे खारघर येथे टाटा स्मारक केंद्राने ती २०२३ मध्ये सुरू केली. मूलकणांच्या मागे लागलेल्या विद्येचे हे न मागता मिळालेले फळ होय.

१९६७ मध्ये शिकागो शहराजवळ नवी प्रयोगशाळा उभारण्याचे काम विल्सन यांच्याकडे आले. १९६९ मध्ये संसदेच्या समितीपुढे त्यांना विचारण्यात आले की, या यंत्राचा देशाच्या संरक्षणास काही उपयोग आहे काय? व्हिएतनामचे युद्ध चालू होते. होकार दिला असता तर काम सोपे झाले असते. आणि बाँब घडविलेल्या माणसाचा होकार कोणीही मान्य केला असता. विल्सन यांनी स्पष्ट नकार दिला. चित्रकला, शिल्प आणि काव्य यांच्या पंक्तीत बसणारे हे कार्य देशाच्या संरक्षणास हातभार लावीत नाही, परंतु देश संरक्षणास पात्र ठरावा अशी योग्यता त्यास आणून देते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पैसा मंजूर झाला.

सुमारे सव्वासहा किलोमीटर परिघाच्या वर्तुळाकार बोगद्यात यंत्राची उभारणी झाली. आरंभी दमटपणामुळे शेकडो लोहचुंबक निकामी झाले. परंतु १ मार्च १९७२ रोजी यंत्राने २०० अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचे उद्दिष्ट गाठले, आणि तेही मंजूर रकमेहून कमी खर्चात. विल्सन स्वतः शिल्पकार होते. प्रयोगशाळेच्या आवारात त्यांची शिल्पे उभी आहेत, आणि त्यांनीच आणविलेले रानगव्यांसारखे बायसन तेथील कुरणात आजही चरतात. पुढील अतिसंवाहक यंत्रासाठी पुरेसा पैसा मिळेना, तेव्हा १९७८ मध्ये त्यांनी संचालकपदाचा राजीनामा दिला. ते यंत्र १९८३ मध्ये सुरू झाले. १९९५ मध्ये त्यावरच ‘टॉप क्वार्क’ या कणाचा शोध लागला.

हे यंत्र ३० सप्टेंबर २०११ रोजी बंद झाले. जिनिव्हाजवळील अधिक शक्तिशाली यंत्राने त्याचे स्थान घेतले होते. मग या प्रयोगशाळेचे भवितव्य काय? तिने आता न्यूट्रिनो या अत्यंत अलिप्त कणाचा मार्ग धरला आहे. येथून निघालेला न्यूट्रिनोंचा झोत भूगर्भातून १३०० किलोमीटर जाऊन साउथ डकोटा राज्यात दीड किलोमीटर खोलीवर टिपावयाचा, अशी योजना आहे. विश्वात द्रव्य उरले, प्रतिद्रव्य का उरले नाही, या कोड्यावर त्यातून प्रकाश पडेल अशी आशा आहे. त्यासाठी लागणाऱ्या नव्या त्वरकाच्या उभारणीत इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रासह भारतीय संस्थांचाही सहभाग आहे. मात्र योजनेचा खर्च पुष्कळ वाढला, काम टप्प्याटप्प्याने करावे लागत आहे, आणि राज्यकर्ते पुन्हा तोच जुना प्रश्न विचारीत आहेत.

विल्सन १६ जानेवारी २००० रोजी निवर्तले. प्रयोगशाळेच्याच आवारातील जुन्या दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली आहे. त्यांच्या चरित्रावरून आम्ही इतकेच म्हणू की, ज्ञानाचे फळ कोणत्या ऋतूत येईल हे आधी सांगता येत नाही, आणि ते सांगता यावे म्हणून असत्याचा आश्रय घेणे विद्येस शोभत नाही. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणास उद्या हा प्रश्न कोणी विचारला, तर त्याने विल्सन यांच्याप्रमाणे नम्रपणे, परंतु खरे तेच सांगावे.