शल्याचार्य डॉ. प्रफुल्लकुमार सेन

तक्षशिलेत सात वर्षे गुरूजवळ राहून वैद्यक शिकलेल्या जीवकाची कथा आपणा सर्वांस परिचित आहे. त्याच परंपरेत शोभणाऱ्या, अलीकडच्या काळातील एका आचार्याचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

डॉ. सेन यांचा जन्म १९१५ साली कोलकात्यात झाला. कर्मभूमी मात्र मुंबईतील परळचे के. ई. एम. रुग्णालय. परभणीहून रात्रीच्या रेल्वेने मुंबई गाठणाऱ्या कितीतरी रुग्णांनी त्याची पायरी चढली आहे. बाबासाहेब ज्या बी. आय. टी. चाळीत राहत, तीही परळचीच. १९२६ साली हे रुग्णालय आणि त्याला जोडलेले शेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते अध्यापक भारतीयच असावेत या देणगीदारांच्या अटीवर. ज्या विद्येची दारे गोऱ्या अधिकाऱ्यांनी अडविली होती, ती अशी उघडली. सेन याच महाविद्यालयात शिकले आणि येथेच शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले.

हृदयाची शस्त्रक्रिया ग्रंथ वाचून येत नाही, आणि रुग्णाच्या जिवावर तिचा सराव करणे हा तर अपराधच. म्हणून सेन यांनी आपल्या सहकाऱ्यांना व निवासी डॉक्टरांना प्रयोगशाळेत उभे केले. तेथे कुत्र्यांवर शस्त्रक्रिया करीत रक्तवाहिनी जोडणे, टाका घालणे, हृदय बदलणे यांचा सराव वर्षानुवर्षे चाले. धम्माचे अनुयायी म्हणून हे लिहिताना आमचे मन जड होते. त्या मुक्या जिवांचे ऋण विसरू नये. एकट्या शल्यविशारदाचा हात कितीही तयार असला तरी भागत नसे. भूलतज्ज्ञ आणि परिचारिकाही तितक्याच तयारीच्या लागत.

डिसेंबर १९६७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. बर्नार्ड यांनी जगातील पहिले मानवी हृदयप्रत्यारोपण केले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांच्या पथकाने भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले. बसविलेले हृदय धडधडू लागले, परंतु रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातही रुग्ण वाचला नाही. याला कोणी अपयश म्हणोत. आम्हांस तसे वाटत नाही. दुसऱ्याचे हृदय शरीराने नाकारू नये यासाठी लागणारी प्रभावी औषधे तेव्हा जगात कोठेच नव्हती.

१९६९ साली सेन यांना पद्मभूषण मिळाले. १९८२ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या हाताखाली घडलेले डॉ. जी. बी. परुळकर पुढे के. ई. एम.चे अधिष्ठाता झाले. ऑगस्ट १९९४ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी हृदयप्रत्यारोपण यशस्वी केले. ते पाहण्यास सेन नव्हते.