कुमारी अन्ना मणी ह्यांचे अल्पचरित्र

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या आग्रहावरून आम्ही घोडेगावी गेलो होतो. नगरहून छत्रपती संभाजीनगराकडे जाणाऱ्या सडकेवरील हे गाव जनावरांच्या व कांद्याच्या बाजाराकरिता सर्वांस परिचित आहे. हा विद्यार्थी नुकताच बी. एस्सी. झाला असून पदार्थविज्ञानशास्त्र घेऊन एम्. एस्सी. व्हावे अशी त्याची उत्कट इच्छा आहे. वडील शेतकरी, मोठे विचारी गृहस्थ. चहा झाल्यावर त्यांनी आम्हांस दोन प्रश्न केले. आणखी दोन वर्षे खर्च करून ह्या शास्त्राचा आपल्यासारख्यांच्या घरी उपयोग तो काय, हा पहिला. आणि ज्याला ते शास्त्र खरोखर येते त्याचे पदवीवाचून काय अडते, हा दुसरा. आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले, परंतु ते आमचे आम्हांसच पटले नाही. परत येताना मोटारीत आम्हांस ज्या बाईंची आठवण झाली, त्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख लिहिला आहे.

अन्ना हे नाव ऐकून आपल्याकडील अण्णा कोणाच्या डोळ्यांपुढे येतील, तर तसे नव्हे. बायबलातील हन्ना ह्या नावाचेच हे रूप होय. अन्नाबाईंचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे एका सुखवस्तु सिरियन ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील स्थापत्यविशारद असून त्यांचे वेलदोड्यांचे मोठे मळे होते. आठ भावंडांत ह्यांचा क्रमांक सातवा. त्या काळच्या अशा घराण्यांत मुलांना शिकवून हुद्द्यास चढवावे व मुलींना दागदागिने घालून सासरी पाठवावे अशी रीत होती. ह्या मुलीचे चित्त मात्र पुस्तकांत. आठव्या वाढदिवशी घरच्या वहिवाटीप्रमाणे हिऱ्यांची कर्णभूषणे पुढे आली, तेव्हा ती नाकारून हिने एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका हा ज्ञानकोश मागून घेतला. त्याच सुमारास, १९२५ साली, वायकोम येथील सत्याग्रहाच्या निमित्ताने महात्मा गांधी त्या प्रांती आले होते. त्या चळवळीचा संस्कार ह्या बालमनावर झाला आणि पुढे अन्नाबाईंनी खादी धारण केली. विवाह त्यांनी कधीच केला नाही.

त्यांचा प्रथमचा ओढा वैद्यकाकडे होता. ते जमले नाही, आणि पदार्थविज्ञान हा विषय चांगला येत असल्यामुळे त्यांनी तोच पत्करला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून त्या १९३९ साली पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन बी. एस्सी. ऑनर्स झाल्या. ऑनर्सचा अभ्यास साध्या बी. एस्सी.हून अधिक सखोल असे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. १९४० साली त्यांना बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये संशोधनाकरिता शिष्यवृत्ती मिळाली व सर चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांच्या प्रयोगशाळेत त्यांचा प्रवेश झाला. रामन ह्यांना १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले असल्यामुळे देशातील हुशार विद्यार्थ्यांची दृष्टी त्या स्थानाकडे लागलेली असे.

ह्याच संस्थेच्या दाराशी सात वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातील एका मुलीस थांबावे लागले होते. मुंबई विश्वविद्यालयाच्या बी. एस्सी. परीक्षेत पहिल्या आलेल्या कमला भागवत (पुढे डॉ. कमला सोहोनी) ह्यांचा एम्. एस्सी.करिता आलेला अर्ज, त्या स्त्री आहेत एवढ्याच कारणावरून, १९३३ साली रामन ह्यांनी नाकारला. कमलाबाई माघारी फिरल्या नाहीत. अखेर काही जाचक अटींवर त्यांना घेण्यात आले. त्यांनी १९३६ साली एम्. एस्सी. व १९३९ साली केंब्रिजची पीएच्. डी. मिळविली. एवढा थोर शास्त्रज्ञ ह्या एका बाबतीत किती संकुचित वागला हे लिहिताना आम्हांस वाईट वाटते, परंतु ते झाकून ठेवण्यातही अर्थ नाही. अन्नाबाई येईपर्यंत दार थोडे किलकिले झाले होते इतकेच.

ज्या मुलीने हिऱ्यांची कर्णभूषणे परत केली, तिच्या वाट्यास येथे हिरेच आले. रामन ह्यांनी हिंदुस्थानातील व आफ्रिकेतील मिळून सुमारे तीनशे हिरे जमविले होते. काही हिऱ्यांवर अदृश्य असे जंबुपार किरण पाडले असता ते निळसर किंवा हिरवट प्रकाशाने स्वतःच उजळतात. हा प्रकाश कोठून येतो, त्याचे रंग कोणते, हिरा अतिशय थंड केला असता त्यात काय फरक पडतो, हे अन्नाबाईंना शोधावयाचे होते. हिरा द्रवरूप हवेच्या योगाने थंड करावयाचा, त्याचा प्रकाश वर्णपटदर्शकातून नेऊन फोटोच्या काचेवर घ्यावयाचा, आणि मग वर्णपटातील एकेक रेषा मोजावयाची. प्रकाश इतका मंद की एका काचेस पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उघडे ठेवावे लागे. पुष्कळदा त्या रात्रीची रात्र प्रयोगशाळेतच काढीत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांना एक तासाचा प्रॅक्टिकलचा पाठ लांब वाटतो, त्यांनी ह्या रात्रींचा हिशेब करून पाहावा. ह्या परिश्रमांतून १९४२ ते १९४५ ह्या काळात त्यांचे पाच निबंध प्रसिद्ध झाले, आणि पाचांवरही केवळ त्यांचेच नाव होते.

१९४५ साली त्यांनी आपला प्रबंध मद्रास विश्वविद्यालयाकडे पाठविला. बंगलोरच्या संस्थेस त्या वेळी स्वतः पदव्या देण्याचा अधिकार नव्हता. विश्वविद्यालयाने उत्तर दिले ते असे, की उमेदवार एम्. एस्सी. नाही, सबब पीएच्. डी. देता येत नाही. ऑनर्सची पदवी, स्पर्धेने मिळविलेली शिष्यवृत्ती, पाच वर्षांचे काम व छापलेले निबंध, ह्यांपैकी काहीही त्या एका नियमापुढे टिकले नाही. नियमावाचून विश्वविद्यालये चालत नाहीत हे आम्ही जाणतो. तथापि नियम कशाकरिता केला ह्याचा विचार करण्याचे काम माणसाकडे असते, आणि ते येथे कोणी केलेले दिसत नाही. एम्. एस्सी.चा नियम उमेदवाराची तयारी पाहण्याकरिता. ती तयारी तर पाच निबंधांच्या रूपाने समोर मांडलेली होती.

तो प्रबंध आजतागायत बंगलोरच्या रामन संशोधनसंस्थेच्या ग्रंथालयात आहे. पदवी मिळालेल्या इतर प्रबंधांसारखीच त्याची बांधणी असून, शेजारी ठेवला तर फरक ओळखू येत नाही. अन्नाबाईंनी ह्याबद्दल पुढे कधी तक्रार केली नाही, पीएच्. डी. नसल्याने आपल्या आयुष्यात काही बिघडले नाही असेच त्या मानीत. आम्हांस त्यांच्या ह्या समाधानाचे कौतुक वाटते, परंतु एवढ्याने झालेला अन्याय न्याय ठरत नाही.

तेवढ्यात सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंडास जाण्याचा योग आला. महायुद्ध नुकतेच संपले होते, आणि त्या सैनिकांच्या जहाजातून विलायतेस गेल्या. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात पदार्थविज्ञानाचाच अभ्यास पुढे चालवावा हा त्यांचा मनोदय होता. पण तेथे गेल्यावर शिष्यवृत्ती हवामानशास्त्रातील उपकरणांपुरतीच आहे असे आढळले. हिऱ्यांवरून एकदम उष्णतामापकांवर यावे लागले! त्यांनी तेही मनापासून शिकून घेतले. १९४८ साली स्वदेशी परतून त्या पुण्यास हवामानखात्यात रुजू झाल्या.

पुण्याचे हे कार्यालय आपल्यापैकी पुष्कळांनी बाहेरून पाहिले असेल. हवामानखात्याचे मुख्य ठाणे १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आणले गेले, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीस लोक अद्याप सिमला ऑफिस म्हणतात. तेथे श्री. वेंकटेश्वरन् ह्यांच्या हाताखाली उपकरणांच्या विभागात अन्नाबाईंचे काम सुरू झाले. पूर्वी साधी उपकरणेदेखील विलायतेहून येत असत. पर्जन्यमापक, बाष्पीभवनमापक, वायुवेगमापक अशी काही येथे तयार होऊ लागली होती, परंतु आपोआप नोंद करणारी नाजूक यंत्रे परदेशातूनच मागवावी लागत. १९५३ साली विभागाची सूत्रे अन्नाबाईंकडे आली. त्यांच्या हाताखाली १२१ माणसे होती, आणि ती सर्व पुरुष. सुमारे शंभर निरनिराळ्या उपकरणांचे प्रमाणभूत आराखडे त्यांनी काढविले व ती येथल्या कारखान्यांतून बनवून घेण्यास आरंभ केला.

घोडेगावच्या त्या गृहस्थांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे असे आम्हांस वाटते, म्हणून थोडे थांबून सांगतो. वायुभारमापकातील पाऱ्याची उंची वाचली म्हणजे काम झाले असे नव्हे. उन्हाने पारा प्रसरण पावतो, तेव्हा तापमानाची दुरुस्ती करावी लागते. गुरुत्वाकर्षण सर्व ठिकाणी सारखे नाही, तेव्हा तीही दुरुस्ती करावी लागते. दोन गावची दोन उपकरणे जर एकाच मापाने जुळविलेली नसतील, तर एका गावी हवेचा भार कमी व दुसऱ्या गावी अधिक असा आभास होईल, आणि त्यावरून काढलेला पावसाचा अंदाज चुकेल. चुकीचे माप घेण्यापेक्षा माप न घेतलेले बरे, ही अन्नाबाईंची धारणा होती, आणि तिच्याबाबत त्या कोणाची भीड धरीत नसत. पर्जन्यमापकाचेच पाहा. नसराळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर असेल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे २० घन सेंटिमीटर पाणी. तोंड किंचित वाकडे बसले, किंवा शेजारी भिंत वा झाड आले, की तितकी चूक रोजच्या नोंदीत शिरते. ही सर्व पदार्थविज्ञानाचीच कलमे आहेत.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष म्हणून पाळले गेले. त्या निमित्ताने अन्नाबाईंनी देशभर सूर्याची उष्णता मोजणाऱ्या ठाण्यांचे जाळे उभारले. काचेच्या घुमटाखाली ठेवलेले काळे पृष्ठ उन्हाने तापते, आणि दोन धातूंच्या जोडांतून त्या तापण्याच्या प्रमाणात अल्प विद्युत्दाब उत्पन्न होतो. तो नोंदला की ऊन किती पडले हे कळते. पुढील दशकात त्यांनी ओझोन मोजणारे भारतीय उपकरण सिद्ध केले. फुग्याबरोबर ते आकाशात जाते, आणि पोटॅशियम आयोडाइडच्या द्रावणातून जाणाऱ्या हवेत ओझोन असेल तर सूक्ष्म प्रवाह सुरू होतो. असे उपकरण स्वतः बनविणारी राष्ट्रे त्या वेळी बोटांवर मोजण्याइतकी होती. थुंबा येथील अग्निबाणांच्या तळावर हवामानाची वेधशाळा उभी करण्याचे कामही विक्रम साराभाई ह्यांच्या सांगण्यावरून त्यांनी केले.

१९७६ साली त्या खात्याच्या उपमहासंचालक ह्या पदावरून निवृत्त झाल्या आणि काही काळ बंगलोरच्या रामन संशोधनसंस्थेत, म्हणजे त्यांचा प्रबंध जेथे होता तेथेच, अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहिल्या. भारतातील सूर्यप्रकाशाविषयीचे त्यांचे दोन मोठे ग्रंथ १९८० व १९८१ साली प्रसिद्ध झाले. सौर व पवनशक्तीची यंत्रे कोठे बसवावीत हे ठरविताना त्या मापांचा आधार घेण्यात आला. वाऱ्याच्या मोजणीकरिता त्यांनी देशभर शेकडो ठिकाणी पाहणी करविली. १९८७ साली त्यांना के. आर. रामनाथन् पदक मिळाले. १९९४ साली पक्षाघाताने त्यांचे हिंडणे फिरणे थांबले, आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम् येथे त्यांनी देह ठेवला. आज आमच्या शाळेत शिकणाऱ्यांपैकी कोणीही त्या वेळी जन्मास आलेला नव्हता.

आमचा नगर जिल्हा सह्याद्रीच्या आड पडल्यामुळे पावसाची वाट पाहण्यातच येथील पिढ्या गेल्या. १९७२ चा दुष्काळ घोडेगावच्या वृद्धांस अजून आठवतो. मंडळात किती मिलिमीटर पाऊस पडला ह्या एका आकड्यावर आता टंचाईची व विम्याची बोलणी चालतात, आणि साध्या पर्जन्यमापकातील पाणी हवामानखात्याच्या रीतीप्रमाणे रोज सकाळी साडेआठास मोजले जाते. हे सर्व आम्ही त्या गृहस्थांस पत्राने कळविले. दुसऱ्या प्रश्नाबाबत, म्हणजे पदवीवाचून काय अडते ह्याबाबत, अन्नाबाईंचे उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरता येईल, हेही आम्ही प्रामाणिकपणे लिहिले. त्यांचे अडले ते एका ठिकाणी, आणि तेथे पाच निबंधही उपयोगी पडले नाहीत. सर्वांनाच पुढे पुण्यासारखे ठिकाण सापडते असे नाही.

उलट टपाली उत्तर आले. मुलाने एम्. एस्सी.चा अर्ज भरला आहे. आणि वडिलांनी विचारले आहे, की आपल्या अंगणात पर्जन्यमापक बसवावयाचा तर कडुलिंबापासून किती अंतर ठेवावे. झाड जितके उंच त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावे, असे आम्ही कळविले आहे.