लॅबमधला अल्झायमर

मेटलर्जीच्या प्रॅक्टिकलला नमुना कापायचा, एमरी पेपरवर घासून घासून आरशासारखा करायचा, नायटलने एच करायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. एवढं करून काय, तर दोन ओरखडे दिसतात आणि सर परत पॉलिश करायला पाठवतात. विसरण्याच्या रोगाला ज्याचं नाव आहे, त्या माणसाचं बरंचसं आयुष्य अशाच कामात गेलं. त्याचा नमुना मात्र पोलादाचा नव्हता, माणसाच्या मेंदूचा होता.

अलॉइस अल्झायमरचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातल्या मार्क्टब्राइट या गावी झाला. वडील नोटरी. बर्लिन, वुर्झबुर्ग, ट्युबिंगेन अशी विद्यापीठं पालथी घालून तो डॉक्टर झाला. स्वारी काही पुस्तकातला किडा नव्हती. तेव्हाच्या जर्मन विद्यार्थी मंडळांत तलवारीची द्वंद्वं चालत, त्यात त्याने गालावर कायमचा व्रण कमावला. १८८७ सालचा प्रबंध कशावर, तर कानातला मळ तयार करणाऱ्या ग्रंथींवर! आपल्या प्रोजेक्टचा विषय ज्यांना फालतू वाटतो त्यांनी नोंद घ्यावी.

१८८८ मध्ये तो फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात लागला. पुढच्याच वर्षी तिथे फ्रान्झ निस्सल आला आणि दोघांची जोडी जमली. मेंदूचा पातळ काप नुसता पाहिला तर फारसं काही दिसत नाही, सगळं जवळपास पारदर्शक. रंग चढवला तरच पेशी दिसतात. निस्सलने असा एक रंग शोधून काढला होता आणि तोही १८८४ साली, विद्यार्थी असताना, कॉलेजच्या बक्षिसाच्या निबंधासाठी. दिवसा वॉर्डातले रुग्ण आणि संध्याकाळी सूक्ष्मदर्शक, असा दोघांचा दिनक्रम होता.

१९०१ च्या फेब्रुवारीत अल्झायमरची बायको सेसिली वारली. पदरी तीन मुलं. घर त्याच्या बहिणीने सांभाळलं आणि हा कामात बुडाला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्याचं नाव विचारलं तर ती स्वतःचंच सांगायची. ताटात फ्लॉवर आणि मांस असताना पालक खातेय म्हणायची. नाव लिहायला दिलं की पहिला शब्द लिहून पुढचं विसरायची. म्हातारपणी असं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ५१ व्या वर्षी? अल्झायमरने तिचे प्रश्न आणि उत्तरं शब्दन् शब्द उतरवून ठेवली. आपली जर्नलं आदल्या रात्री दुसऱ्याचं बघून भरली जातात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

१९०३ मध्ये तो एमिल क्रेपेलिनकडे आधी हायडेलबर्गला आणि मग म्युनिकला गेला. म्युनिकला सुरुवातीला पगार नव्हता. बायकोच्या मागे राहिलेल्या पैशावर त्याचं चाललं. तिथली प्रयोगशाळा मात्र त्याने अशी उभी केली, की देशोदेशीची पोरं शिकायला येऊ लागली. असं सांगतात, की तो सिगार ओढत एकेकाच्या सूक्ष्मदर्शकापाशी बसायचा, समजावता समजावता सिगार बाजूला ठेवायचा आणि विसरून पुढे जायचा. संध्याकाळी प्रत्येक टेबलावर एकेक थोटूक! विसरण्यावर संशोधन करणाऱ्याची ही गोष्ट खरी असो वा नसो, सोडवत नाही.

८ एप्रिल १९०६ ला ऑगस्टे वारली. तिचे कागद आणि मेंदू म्युनिकला आले. आता निस्सलच्या रंगाच्या जोडीला बर्लिनच्या बिलशोव्स्कीची चांदीची पद्धत होती. काप सिल्व्हर नायट्रेटमध्ये ठेवायचा, मग अमोनियायुक्त चांदीच्या द्रावणात आणि शेवटी फॉर्मालिनमध्ये. तिथे चांदी सुटी होऊन पेशीतल्या तंतूंवर काळी बसते. थोडक्यात, फोटो धुण्याचंच तंत्र. द्रावण जरा बिघडलं की सगळा काप काळा, आणि वाया गेलेला काप परत मिळत नाही. जमलेल्या कापांत अल्झायमरला दोन गोष्टी दिसल्या: पेशींच्या आत पिळवटलेल्या तंतूंच्या गाठी आणि पेशींच्या बाहेर चट्टे.

३ नोव्हेंबर १९०६ ला त्याने ट्युबिंगेनच्या परिषदेत हे मांडलं. व्याख्यान संपलं आणि सभागृहातून एकही प्रश्न आला नाही. सेमिनारनंतरची ती शांतता आपल्यालाही माहीत आहे, फक्त आपण सुटलो म्हणतो. तो परत लॅबमध्ये गेला. त्याच्या हाताखालच्या पेरुसिनीने ऑगस्टेसह आणखी रुग्णांचे मेंदू तपासले. १९१० मध्ये क्रेपेलिनने आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला अल्झायमरचं नाव देऊन टाकलं. मोजक्याच रुग्णांवरून ही घाई झाली असं मला वाटतं. खुद्द अल्झायमरलाही हा म्हातारपणच्या विस्मृतीहून वेगळा रोग आहे याची खात्री नव्हती, आणि १९११ च्या लेखात त्याने ती शंका मांडली. त्या लेखातल्या आकृत्या त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा ल्युसिडा लावून हाताने काढल्या होत्या.

१९१२ मध्ये ब्रेस्लाऊला प्राध्यापकपद मिळालं, पण तिकडे जाताना गाडीतच तब्येत बिघडली ती पुन्हा नीट सुधारली नाही. १९ डिसेंबर १९१५ ला वयाच्या ५१ व्या वर्षी तो गेला. ऑगस्टे दवाखान्यात आली तेव्हाचं तिचं वयही तेच. फ्रँकफुर्टला सेसिलीशेजारी त्याचं दफन झालं.

तिची फाईल १९९५ च्या डिसेंबरमध्ये फ्रँकफुर्टला सापडली. पुढे म्युनिकमध्ये तिच्या मेंदूच्या अडीचशेच्या आसपास स्लाइड्सही मिळाल्या. १९९८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९० वर्षांनंतरही चांदी जागची हलली नव्हती. गाठी आणि चट्टे तसेच स्पष्ट दिसत होते आणि त्या कापांतून तिचा डीएनएही काढता आला.