सूर्य कशाचा बनलाय? सिसिलिया पेनची गोष्ट

दिवाळीच्या आतषबाजीत रसायनशास्त्राचा एक छोटा धडा लपलेला असतो. हिरवा रंग उधळणाऱ्या फटाक्यात बेरियमचं संयुग असतं, लाल रंगाच्या फटाक्यात स्ट्रॉन्शियमचं. स्वयंपाक करताना गॅसच्या ज्योतीवर चिमूटभर मीठ उडालं की ज्योत पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. प्रत्येक मूलद्रव्य तापलं की आपापल्या ठरलेल्या रंगांचा प्रकाश देतं. ही त्याची सहीच म्हणा ना, आणि ती कधी बदलत नाही.

ताऱ्यांचा सगळा अभ्यास या सहीवर उभा आहे. ताऱ्यावर जाऊन तिथलं मूठभर काही आणणं शक्य नाही. आपल्या हाती लागतो तो फक्त प्रकाश. तो लोलकातून सोडला की इंद्रधनुष्यासारखा पट्टा मिळतो, त्याला वर्णपट म्हणतात. १८१४ साली जर्मनीत योसेफ फ्राउनहोफर नावाच्या काच बनवणाऱ्या कारागिराने सूर्याचा वर्णपट बारकाईने पाहिला, तर त्यात शेकडो काळ्या रेघा! या रेघांचं कोडं १८५९-६० मध्ये किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी सोडवलं. सूर्याच्या बाहेरच्या थरातली मूलद्रव्यं आपापल्या रंगाचा प्रकाश गिळून टाकतात, आणि तेवढ्या जागी काळी रेघ उरते. म्हणजे रेघा ओळखता आल्या की सूर्यात लोह आहे, कॅल्शियम आहे, सोडियम आहे, हे घरबसल्या सांगता येतं.

पण काय आहे हे कळणं वेगळं आणि किती आहे हे कळणं वेगळं. या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढलं पंचविशीतल्या एका मुलीने, १९२५ साली. उत्तर बरोबर होतं, पण ते बहुधा खरं नसावं असं तिला स्वतःच्याच प्रबंधात लिहावं लागलं. तिचं नाव सिसिलिया पेन.

मी काही खगोलशास्त्रज्ञ नाही. कंप्यूटर इंजिनियरिंग केलं आणि आता आयटी कन्सल्टंट म्हणून लोकांच्या डेटाबेसमध्ये दिवसभर डोकं घालून बसतो. जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे हार्वर्ड वेधशाळेतल्या शंभर वर्षांपूर्वीच्या काचेच्या प्लेट्स स्कॅन करून कंप्यूटरवर आणल्या जात आहेत असं वाचलं तेव्हा साहजिकच कान टवकारले. त्या प्लेट्सच्या मागे लागलो आणि या बाईंपाशी येऊन पोचलो.

सिसिलियाचा जन्म १० मे १९०० रोजी इंग्लंडमधल्या वेंडोव्हर गावी झाला. ती चार वर्षांची असताना वडील गेले, आणि आईने तीन मुलांना एकटीने वाढवलं. लंडनला सेंट पॉल्स शाळेत तिला संगीत शिकवायला होते प्रसिद्ध संगीतकार गुस्ताव होल्स्ट. हिने संगीतात पुढे जावं असं त्यांना फार वाटायचं. पण हिचा ओढा विज्ञानाकडे. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाली, ती मुख्यतः वनस्पतिशास्त्र शिकायला.

त्याच वर्षी २९ मे रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. आर्थर एडिंग्टन यांनी आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर जाऊन, सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो का, हे मोजलं होतं. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताची ती परीक्षा होती. केंब्रिजला परत आल्यावर त्यांनी त्यावर व्याख्यान दिलं. सिसिलियाच्या कॉलेजला मोजकीच तिकिटं आली होती. एका मैत्रिणीला जाणं जमलं नाही, म्हणून एक हिच्या वाट्याला आलं. व्याख्यान ऐकून ती खोलीवर आली आणि आठवून आठवून ते जवळजवळ शब्दशः लिहून काढलं. पुढे कितीतरी रात्री झोप नाही. वनस्पतिशास्त्र मागे पडलं, ती भौतिकशास्त्राकडे वळली.

भौतिकशास्त्राच्या वर्गात रदरफर्ड शिकवायला होते. वर्गात ही एकटीच मुलगी. नियमाप्रमाणे तिला सगळ्यात पुढच्या बाकावर बसावं लागे. रदरफर्ड तिच्याकडे बघून मुद्दाम बायकांना उद्देशून सुरुवात करायचे आणि मागची पोरं पाय आपटून टाळ्या पिटायची. हे रोज. तरी तिने शिक्षण पुरं केलं. पण पदवी? ती नाहीच. केंब्रिजने बायकांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ साली! इंग्लंडमध्ये राहिलो तर शाळेत मास्तरीण होण्यापलीकडे काही हाती लागणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

मग तिने तेच केलं जे आपल्यापैकी बहुतेकांनी केलं. शिकण्यासाठी परदेशाची वाट धरली. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी तिला एक छोटी फेलोशिप देऊ केली आणि १९२३ च्या शरद ऋतूत ही तेवीस वर्षांची मुलगी बोटीने समुद्र ओलांडून अमेरिकेत आली.

हार्वर्डला तिला सापडला खजिना. एडवर्ड पिकरिंग संचालक असल्यापासून तिथे आकाशाचे फोटो काचेच्या प्लेट्सवर घेतले जात होते. दुर्बिणीच्या पुढे लोलक बसवला की एकाच प्लेटवर कितीतरी ताऱ्यांचे वर्णपट एकदम उमटायचे. या प्लेट्स तपासायला बायका नेमलेल्या होत्या, तासाला साधारण २५ सेंट मजुरीवर. त्यांच्या हुद्द्याचं नाव काय होतं, ओळखा पाहू? कंप्यूटर! माझ्या डिग्रीवर जो शब्द आहे तो त्या काळी माणसाचा हुद्दा होता. त्यांच्यापैकी ॲनी जंप कॅनन यांनी एकटीने सव्वादोन लाखांच्या वर ताऱ्यांचं वर्गीकरण करून मोठी सूची तयार केली होती. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम असे सात मुख्य वर्ग. आजही तेच वापरले जातात, आपला सूर्य जी वर्गातला.

पण हे वर्ग वेगळे का, हे नीट कोणाला सांगता येत नव्हतं. एखाद्या ताऱ्यात हायड्रोजनच्या रेघा ठळक, दुसऱ्यात कॅल्शियमच्या. तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे बनलेत, की आणखी काही कारण आहे?

याची किल्ली आली आपल्या कलकत्त्याहून. ढाक्याजवळच्या खेड्यात जन्मलेल्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये एक समीकरण मांडलं. कोणत्या तापमानाला आणि दाबाला अणूमधले किती इलेक्ट्रॉन सुटून जातात, हे त्यातून काढता येतं. इलेक्ट्रॉन सुटला की अणूच्या रेघा बदलतात. म्हणजे रेघेचा ठळकपणा फक्त द्रव्य किती आहे यावर ठरत नाही, तापमानावरही ठरतो. केंब्रिजचे तरुण शास्त्रज्ञ मिल्न यांनी सिसिलियाला सुचवलं होतं की साहांचं गणित हार्वर्डच्या प्लेट्सवर लावून बघ. ती नेमकी तेच करायला बसली.

सोप्या भाषेत सांगायचं तर असं बघा. आपल्या मंडळाच्या वार्षिक सभेत माईकवर चारच जण तावातावाने बोलत असतात. म्हणून हॉलमध्ये चारच माणसं आहेत असं कोणी म्हणेल का? मागे दोनशे जण गप्प बसलेले असतात, ते मोजायचे तर कोण किती बोलतं हे आधी माहीत हवं. सूर्याच्या पृष्ठभागावर तापमान साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस. एवढ्याशा उष्णतेत कॅल्शियम आणि लोह भरपूर बोलतात. हायड्रोजनचा मात्र कोट्यवधी अणूंत एखादाच, डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात रेघ उमटवण्याच्या स्थितीत असतो. आणि तरीही सूर्यात हायड्रोजनच्या रेघा स्पष्ट दिसतात. मग गप्प बसलेला हायड्रोजन केवढा असेल!

सिसिलियाने १८ मूलद्रव्यांचा असा हिशेब मांडला. दोन गोष्टी निघाल्या. पहिली, बहुतेक सगळे तारे जवळपास एकाच मिश्रणाचे आहेत, वर्गांमधला फरक मुख्यतः तापमानाचा आहे. दुसरी गोष्ट तिलाही चक्रावणारी होती. सिलिकॉन, कार्बन वगैरेंचं प्रमाण पृथ्वीशी बरंच जुळत होतं, पण हेलियम प्रचंड जास्त आणि हायड्रोजन तर धातूंच्या जवळपास दहा लाख पट!

त्या काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा समज असा, की सूर्य आणि पृथ्वी साधारण एकाच मालाचे, पृथ्वी तेवढी तापवली की सूर्यासारखा वर्णपट मिळेल. शॅप्लींनी प्रबंधाचा मसुदा प्रिन्स्टनला हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे पाठवला. रसेल म्हणजे अमेरिकन खगोलशास्त्रातलं सर्वांत वजनदार नाव, खुद्द शॅप्लींचे गुरू. त्यांनी कामाचं कौतुक केलं, पण हायड्रोजनचा आकडा अशक्य आहे असं कळवलं. त्यांच्या मताविरुद्ध गेलं तर पुढची वाट बंद. परक्या देशात आलेली, पदवी अजून हातात नाही, नोकरी नाही. सिसिलियाने आकडे तक्त्यात ठेवले, पण सोबत लिहून टाकलं की हायड्रोजन आणि हेलियमचं हे प्रमाण जवळजवळ नक्कीच खरं नाही.

माझ्या व्यवसायात, क्लायंटच्या साहेबांना न पटणारा आकडा पहिल्या स्लाइडवरून निघून शेवटच्या पानावरच्या बारीक टीपेत जाऊन बसतो, हे मी पाहिलेलं आहे. त्यामुळे तिने ते वाक्य कसं लिहिलं असेल याची थोडी कल्पना करू शकतो. पण तिने आकडे खोडले नाहीत, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मत मागे घेतलं, मोजमाप मागे घेतलं नाही.

१९२५ मध्ये रॅडक्लिफ कॉलेजकडून तिला पीएचडी मिळाली. हार्वर्डच्या वेधशाळेत केलेल्या कामावर खगोलशास्त्रातली ही पहिलीच पीएचडी. चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या रीतीने त्याच निष्कर्षाला पोचले. त्यांनी आपल्या लेखात तिच्या कामाचा उल्लेख केला हे खरं, पण पुढे बरीच वर्षं शोधाचं श्रेय त्यांच्याच नावावर राहिलं. तिने मात्र दोष स्वतःलाच दिला. आपल्या आकड्यांवर विश्वास होता तर ठाम राहायला हवं होतं, असं ती पुढे तरुणांना सांगत असे.

आता इथून पुढे त्यांना अहोजाहो करायला हवं. १९३१ मध्ये त्या अमेरिकन नागरिक झाल्या. १९३३ मध्ये जर्मनीत गॉटिंगेनला त्यांना सर्गेई गापोश्किन हे रशियन खगोलशास्त्रज्ञ भेटले. रशियाला परतायची सोय नाही आणि जर्मनीत नाझी सत्तेवर आलेले. सिसिलियाबाईंनी अमेरिकेत परत येऊन खटपट करून त्यांना व्हिसा मिळवून दिला. व्हिसाची वाट पाहणं म्हणजे काय हे आपल्याला कोणी सांगायला नको. पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. तीन मुलं झाली. दोघांनी मिळून तेज कमीजास्त होणाऱ्या ताऱ्यांची लाखो निरीक्षणं केली.

पण हार्वर्डमध्ये त्या शिकवत असूनही १९४५ पर्यंत त्यांच्या वर्गांचं नाव विद्यापीठाच्या अधिकृत यादीत नसे, आणि पगारही तुटपुंजा. १९५६ मध्ये त्या पूर्ण प्राध्यापक झाल्या आणि मग खगोलशास्त्र विभागाच्या प्रमुख. हार्वर्डमध्ये विभागप्रमुख होणाऱ्या त्या पहिल्या बाई. १९७६ मध्ये अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने त्यांना जीवनगौरव दिला. त्या पुरस्काराचं नाव? हेन्री नॉरिस रसेल पुरस्कार! ७ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या हायड्रोजनशिवाय पुढचं काहीच उभं राहिलं नसतं. सूर्य हायड्रोजनचं हेलियम करून जळतो याचा तपशील १९३९ च्या सुमारास हान्स बेथे यांनी मांडला. १९५१ मध्ये हार्वर्डमध्येच युअन आणि पर्सेल यांनी अवकाशातल्या हायड्रोजनच्या रेडिओलहरी पकडल्या आणि आपल्या आकाशगंगेच्या भुजांचा नकाशा काढता येऊ लागला. आणि त्या काचेच्या प्लेट्स? चार लाखांहून जास्त प्लेट्सचं स्कॅनिंग २०२४ मध्ये पुरं झालं. आता तो डेटा जगात कुठूनही बघता येतो.

सूर्याच्या वस्तुमानात जवळपास तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि उरलेल्यात बहुतेक हेलियम, हे आज शाळेतल्या पोरांना पाठ असतं. पुस्तकात हे वाक्य असतं, त्याच्याशेजारी नाव सहसा नसतं. या दिवाळीत मुलांनी विचारलंच, सूर्य कशाचा बनलाय, तर उत्तरासोबत हे नावही सांगा. आणि हेही सांगा, की जिने ते सर्वांत आधी मोजलं ती आपल्यासारखीच दुसऱ्या देशातून इथे आलेली होती.