वॉर्डाच्या दारातून आत : डॉ. रखमाबाई

अमरावतीचे डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९८४ साली सुरू झाले, अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ साली. शरीररचनेची जाडजूड पुस्तके बाजूला ठेवून गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेल्या मुली तेथील वॉर्डात शिरतात, तेव्हा त्यांना कोणी अडवत नाही. मात्र हे दार स्त्रियांसाठी बऱ्याच उशिरा उघडले. त्यातून आत गेलेल्या पहिल्या मराठी स्त्रियांत मुंबईच्या रखमाबाई होत्या.

त्यांचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाईंनी ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, त्यामुळे औषधे आणि वनस्पती यांची चर्चा घरातच होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजींशी लावण्यात आले. त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. हा खटला सर्वांना ठाऊक असतो, पण त्यापुढचे अर्धे शतक सहसा कोणी सांगत नाही.

डॉक्टर होण्याच्या त्यांच्या इच्छेला मुंबईच्या कामा रुग्णालयातील डॉ. एडिथ पेची यांनी बळ दिले. पेचींचा स्वतःचा अनुभव कडू होता. १८६९ मध्ये एडिंबरा विद्यापीठात प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक. व्याख्याने ऐकण्याची मुभा कशीबशी मिळाली, पण तेथील रुग्णालयाने स्त्रियांना वॉर्डात घेण्याचे नाकारले. रुग्ण न पाहता वैद्यकीची परीक्षा देता येत नाही. स्त्रियांचा मार्ग रोखण्याचे ते सर्वांत सोपे साधन होते.

लंडनमध्ये १८७४ साली स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय निघाले, तरी ही अडचण तशीच राहिली. तीन वर्षे विद्यालय होते, रुग्णालय नव्हते. १८७७ मध्ये ग्रेज इन रोडवरील रॉयल फ्री हॉस्पिटलने आपले वॉर्ड विद्यार्थिनींना खुले केले, तेव्हा कुठे वर्गातील विद्येला रुग्णाची जोड मिळाली.

१८८९ मध्ये रखमाबाई या विद्यालयात दाखल झाल्या. औपचारिक शिक्षण तुटपुंजे, इंग्रजी बव्हंशी घरी शिकलेली, भोवती परके शहर. आधी रसायन, शरीररचना, शरीरक्रियाशास्त्र. मग रॉयल फ्रीमध्ये खाटेपाशी उभे राहून शिकणे. पुस्तकातला आजार एका ठरावीक क्रमाने वाढतो, समोरचा रुग्ण मात्र तसा वागत नाही. ज्या स्त्रीचे स्वतःचे आयुष्य चार वर्षे न्यायालयात आणि वर्तमानपत्रांत चघळले गेले, तिला परक्या माणसाने आपले दुखणे विश्वासाने सांगणे याचे मोल वेगळेच वाटले असणार.

शिक्षण पूर्ण झाले तरी अडथळा संपला नव्हता. लंडनच्या रॉयल कॉलेजांच्या परीक्षा तेव्हा स्त्रियांना बंद होत्या. म्हणून १८९४ मध्ये रखमाबाईंनी स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परीक्षा देऊन परवाना मिळवला.

आनंदीबाई जोशींना १८८६ मध्ये पदवी मिळाली, पण पुढच्याच वर्षी मृत्यूने त्यांना गाठले आणि रुग्णसेवा घडू शकली नाही. रखमाबाईंना मात्र दीर्घ आयुष्य लाभले. परतल्यावर त्या सुरतेच्या स्त्री-रुग्णालयात रुजू झाल्या, प्लेगच्या साथीतही काम करीत राहिल्या आणि पुढे राजकोटला गेल्या. येथे वॉर्डाची अडचण उलट्या बाजूने आली. डॉक्टर हजर होती, पण बाळंतपणासाठी बायका रुग्णालयात पाऊल टाकायला घाबरत. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण जनावराला रुग्णालयात आणून त्याची सुखरूप सुटका करून दाखवली, अशी आठवण सांगितली जाते. त्यानंतर हळूहळू बायका येऊ लागल्या.

साधारण पस्तीस वर्षांच्या सेवेनंतर त्या निवृत्त होऊन मुंबईस परतल्या. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.