भूमिहीनांचे दादासाहेब

१५ ऑक्टोबर ही कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची जयंती. आदल्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. त्या दिवसाच्या गर्दीनंतर बहुतेक वस्त्यांत दादासाहेबांच्या वाट्याला एक हार आणि भाषणातली दोन-तीन वाक्ये येतात. त्या वाक्यांत काळाराम मंदिराचा सत्याग्रह असतो, बाबासाहेबांचे विश्वासू सहकारी असा उल्लेख असतो आणि मग आभारप्रदर्शन होते. जमिनीचा विषय सहसा निघत नाही. आम्ही नवापूर तालुक्यात वनहक्काच्या दाव्यांचे काम करतो. रोज सातबारा, नकाशे आणि जुन्या पावत्या चाळताना आम्हाला दादासाहेबांची आठवण येते ती जमिनीमुळेच. म्हणून त्यांचे आयुष्य आम्ही त्या बाजूने सांगणार आहोत.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी, महार कुटुंबात झाला. दिंडोरी हा आदिवासींची मोठी वस्ती असलेला तालुका आहे. गावकुसाबाहेरचा महारवाडा आणि डोंगराकडेचे पाडे यांतला फरक त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नसेल, आणि दोन्हीकडची भाकरी सारखीच कोरडी असते हेही. शिक्षण बेताचेच झाले. पुढे दिल्लीत संसदेत बसले तरी अंगावर धोतर राहिले. या धोतराचा विषय पुढे येणार आहे.

महारांच्या जमिनीची गोष्ट इथे थोडक्यात सांगायला हवी, कारण आमच्या पिढीतल्या अनेकांना ती माहीत नसते. महार वतन म्हणजे गावकीची कामे करण्याच्या बदल्यात मिळालेली जमीन. कामाला वेळकाळ नाही, नकार देण्याची सोय नाही आणि जमिनीचा तुकडा पिढ्यान्‌पिढ्या वाटला जाऊन एवढासा उरलेला. शिवाय त्यावर सरकारची जुडी. जमीन असूनही माणूस वेठबिगार राहील अशी ही व्यवस्था होती. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारे विधेयक मांडले. नाशिक जिल्ह्यात हा विषय गावोगाव नेणाऱ्यांत भाऊराव होते. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडले. तोपर्यंत बाबासाहेब गेले होते.

काळारामाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. सत्याग्रह समितीचे सचिव भाऊराव होते. पहिल्या दिवसाची मिरवणूक, बंद दरवाजे, रामनवमीच्या रथावरून झालेली दगडफेक हे सर्व आपल्याला पाठ आहे. त्यामागचे रोजचे काम मात्र कमी सांगितले जाते. सत्याग्रही गावांहून आणायचे, त्यांच्या जेवणाची सोय करायची, अटक झालेल्यांच्या घरी धान्य पोहोचवायचे, मुंबईला बाबासाहेबांना अहवाल लिहायचा, आणि स्वतःही तुरुंगात जायचे. हे सुमारे पाच वर्षे चालले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली बरीच पत्रे आज छापील स्वरूपात मिळतात. ज्याच्यावर काम सोपवून निर्धास्त राहावे अशा माणसाला लिहिलेली ती पत्रे आहेत. देवळाचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेही नाशिक जिल्ह्यातच.

१९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षातर्फे भाऊराव मुंबई विधानसभेवर निवडून गेले. हा पक्ष जातीबरोबर जमीन आणि मजुरीचे प्रश्न हाती घेणारा होता. खोती रद्द करण्याचे विधेयक त्याच वर्षी आले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत निघाला. कुळवाडी आणि अस्पृश्य एकत्र चालतात हे भाऊरावांनी तिथे जवळून पाहिले. पुढे त्यांनी जे केले त्याचे मूळ आम्हाला या काळात दिसते. काळारामात फक्त आपली माणसे होती, १९३८ मध्ये दुसऱ्यांचीही होती.

१९५६ नंतरची वर्षे कठीण होती. ऑक्टोबरात धम्मदीक्षा आणि डिसेंबरात महापरिनिर्वाण. समाज एकाच वेळी नव्याने उभा राहिलेला आणि पोरका झालेला. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत दादासाहेब नाशिकमधून लोकसभेवर गेले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दादासाहेब मनापासून होते. त्या लढ्याचे फळ आमच्या नवापूरला जरा वेगळ्या चवीचे लागले. १ मे १९६० ला पश्चिम खानदेशातली काही गावे गुजरातेत गेली, एका कुळाचे गावीत इकडे राहिले आणि गामीत तिकडे. आजही नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग गुजरातेत आहे. बाहेरून आलेले लोक त्या रेषेवर उभे राहून फोटो काढतात.

१९५९ मध्ये दादासाहेबांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. नाशिक, अहमदनगर आणि खानदेश हा त्याचा मुख्य पट्टा. मागणी साधी होती. पडीक सरकारी जमीन, गायरान आणि झाडे नसलेली वनजमीन जे कसतात किंवा कसू इच्छितात अशा भूमिहीनांना द्या. मागणी कोणा एका जातीची नव्हती. बौद्ध, आदिवासी आणि इतर भूमिहीन मजूर एकत्र येऊन पडीक जमिनीत नांगर घालत, मोर्चे काढत, अटक करून घेत. डाव्या पक्षांचे कार्यकर्ते सोबत होते. आमच्या दृष्टीने दादासाहेबांच्या आयुष्यातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे. संविधानाने मत दिले होते, १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्ह्याचा कायदा झाला होता. पण ज्याची चूल पाटलाच्या शेतातल्या मजुरीवर पेटते त्याने पाटलाविरुद्ध तक्रार कशी द्यायची? गावाने बहिष्कार टाकला की आठव्या दिवशी तक्रार मागे घेतली जाते. स्वतःचा एकरभर तुकडा असला तर माणूस थोडा अधिक काळ टिकतो. एवढा साधा हिशेब होता.

हा हिशेब सगळ्यांना पटला नाही. विरोध बाहेरून झाला तसा घरातूनही झाला. शिकलेल्या, वकील झालेल्या काही पुढाऱ्यांना जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांच्या वळणावर जाणे वाटले. त्यांच्या मते घटनात्मक मार्ग सोडून रस्त्यावर उतरणे बाबासाहेबांच्या विचारात बसत नव्हते. धोतर नेसणाऱ्या, कमी शिकलेल्या माणसाने पक्षाचे नेतृत्व करावे का, अशीही कुजबुज होती. बी. सी. कांबळे यांचा गट वेगळा झाला आणि दुरुस्त व नादुरुस्त अशी नावे पडली. दादासाहेबांचा गट नादुरुस्त. आज हे शब्द ऐकून हसू येते, पण रिपब्लिकन पक्षाच्या फुटीची सुरुवात इथे आहे. पहिली फूट जमिनीचा लढा करावा की नाही या प्रश्नाभोवती पडली, हे आपण गटांची नावे मोजताना विसरतो. कांबळे यांची विद्वत्ता आणि संसदीय काम आम्ही कमी लेखत नाही. या एका प्रश्नावर मात्र त्यांचा गट चुकला असे आमचे मत आहे.

१९६२ मध्ये दादासाहेब राज्यसभेवर गेले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली आणि ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी, देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. सनदेत जमीन होती, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी होती, धान्याचे भाव होते, झोपडपट्ट्यांचा प्रश्न होता, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती होत्या आणि संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावावे ही मागणी होती. महाराष्ट्र, उत्तर प्रदेश, पंजाब, मद्रास अशा अनेक राज्यांत लोक तुरुंगात गेले. चळवळीत तीन लाखांहून अधिक अटकांचा आकडा सांगितला जातो. बाया कडेवर मुले घेऊन गेल्या. तुरुंग भरले म्हणून लोकांना सोडून द्यावे लागले आणि सोडलेले लोक पुन्हा आले.

त्याच हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या घानामध्ये काय चालले होते, हे आम्ही एम. ए. ला असताना वाचले होते आणि तेव्हापासून दोन्ही गोष्टी आमच्या मनात शेजारी बसल्या आहेत. दादासाहेब लोकसभेत गेले त्याच १९५७ च्या मार्चमध्ये घाना स्वतंत्र झाला. दुसऱ्याच वर्षी तिथे विनाचौकशी स्थानबद्ध करण्याचा कायदा आला. स्वातंत्र्यलढ्यातले ज्येष्ठ नेते जे. बी. डांक्वा त्याच कायद्याखाली तुरुंगात होते आणि ४ फेब्रुवारी १९६५ रोजी तिथेच वारले. आपल्याकडेही १९५० पासून स्थानबद्धतेचा कायदा होताच, त्यामुळे फुशारकी मारण्यासारखे काही नाही. पण नव्याने स्वतंत्र झालेल्या देशात सरकारला विरोध करणाऱ्या गरिबाचे काय होते, हा प्रश्न तेव्हा दोन्हीकडे होता. इथे लाखो निरक्षर माणसे तुरुंगाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि सरकारला त्यांच्या पुढाऱ्यांशी बोलावे लागले. मानवी हक्कांच्या आपल्या देशातल्या इतिहासात ही नोंद जाड अक्षरात असायला हवी होती. पाठ्यपुस्तकात आम्हाला ती सापडली नाही.

मागण्यांपैकी किती पदरात पडले? काही राज्यांनी पडीक जमिनीचे वाटप केले, काही आश्वासनांवर थांबले. संसदेच्या आवारात बाबासाहेबांचा पुतळा १९६७ मध्ये उभा राहिला. तैलचित्राला १९९० साल लागले आणि बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या.

शेवटच्या वर्षांबद्दल गप्प बसणे बरोबर नाही. १९६७ मध्ये जिल्हा परिषदांच्या निवडणुकांसाठी त्यांनी काँग्रेसशी युती केली. यशवंतराव चव्हाणांवर त्यांचा भरवसा होता. पक्षाला थोड्या जागा मिळाल्या आणि बदल्यात लढ्याची धार गेली, असे अनेक कार्यकर्त्यांना वाटले. आम्हालाही तसेच वाटते. खेड्यात ज्या सत्ताधाऱ्यांच्या हातात जमीन होती त्यांच्याच पक्षाशी हातमिळवणी करून जमिनीचा प्रश्न पुढे जाणार नव्हता. १९६८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले. पाच महिन्यांनी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचा राग रिपब्लिकन पुढाऱ्यांवरही होता.

इकडे आमच्या भागात त्याच सुमारास शहाद्याला अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न पेटवला. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. १९७८ मध्ये वनजमिनीवरची जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय आला. दलितांच्या गायरानावरील अतिक्रमणांसाठी १९९१ चा निर्णय वेगळा निघाला आणि २००६ मध्ये वनहक्क कायदा आला. प्रत्येक पायरीला कागद वेगळा झाला, तशी माणसेही वेगवेगळ्या रांगांत गेली.

वनहक्क कायद्यात आदिवासी दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. आदिवासी नसलेल्याला, म्हणजे बौद्धालाही, त्याच्या मागे तीन पिढ्यांचे, ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. नवापूर तालुक्यात दावेदार बहुतेक गावीत, मावची, भिल्ल, कोकणी असतात. बौद्ध कुटुंबे थोडी, पण आहेत. दोन शेजाऱ्यांच्या बांधाला बांध लागलेला असतो, दोघांच्या आजोबांनी एकाच वर्षी झुडपे काढलेली असतात. एकाचा दावा पुढे सरकतो, दुसऱ्याचा त्रुटी काढून परत येतो. मग दोघांत अबोला येतो. आमच्या वस्तीतला एखादा तरुण आम्हाला विचारतो की तुम्ही आदिवासींचे काम कशाला करता. पाड्यावरचा कोणी विचारतो की बौद्धांना योजना आहेत, त्यांना जंगल कशाला हवे.

आता सरकारची भूमिहीनांना जमीन देणारी योजनाही दादासाहेबांच्याच नावाने आहे. २००४ पासूनची. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांतील दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन विकत घेऊन द्यायची. योजना चांगली आहे, पण सरकारी दरात जमीन विकायला तयार असलेला माणूस सापडला पाहिजे, आणि तो सापडत नाही. दादासाहेबांनी मागितली होती ती सरकारकडे पडून असलेली जमीन.

मागच्या उन्हाळ्यात एका पाड्यावर एक आजी पिशवीतून कागद काढून दाखवत होत्या. जंगलात नांगर घातल्याबद्दल त्यांच्या सासऱ्यांना झालेल्या दंडाची जुनी पावती त्यांनी प्लास्टिकच्या कागदात जपून ठेवली होती. ज्या पावतीने तेव्हा गुन्हेगार ठरवले तीच आता ताब्याचा पुरावा म्हणून जोडायची, हे समजावल्यावर त्या खूप हसल्या. शेजारच्या बौद्ध कुटुंबाकडे तशीच पावती होती का, असे आम्ही विचारले. होती म्हणाल्या, दोघांना एकाच दिवशी पकडले होते. ती पावती आम्ही अजून शोधतो आहोत. घराचे छप्पर बदलताना कुठेतरी गेली असे त्या घरातले लोक सांगतात. पुढच्या आठवड्यात आम्ही आजींचा जबाब त्या बौद्ध शेजाऱ्याच्या दाव्याला जोडण्यासाठी ग्रामसभेत घेणार आहोत.